भिऱ्याचं पाणी

[दृश्य: ताम्हिणी घाट, भर पावसाळा. ढगांखाली पसरलेला मुळशीचा जलाशय.]

घाटमाथ्यावर पडलेला पाऊस कुठल्या समुद्राला मिळणार, हे सह्याद्रीची धार ठरवते. धारेच्या अलीकडे पडला तर कोकणातून अरबी समुद्राला. पलीकडे पडला तर मुळा, मुठा, भीमा, कृष्णा असा अख्खा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला. मुळशी खोऱ्याचा पाऊस हा पलीकडचा. पण 1927 पासून त्यातलं बरंचसं पाणी उलट्या दिशेनं वळतं, डोंगर पोखरून केलेल्या बोगद्यांतून आणि पाइपांतून रायगड जिल्ह्यात उतरतं. माणगाव तालुक्यातल्या भिऱ्याला त्याची वीज होते. वीज तारांवरून मुंबईला जाते आणि पाणी कुंडलिका नदीत पडतं. पुढं कोलाड, रोहा आणि मग रेवदंड्याची खाडी.

ही वीज देणाऱ्या टाटांच्या कंपनीनं कोकणाला काय दिलं, असं विचारलं तर बहुतेक जण नोकऱ्या, शाळा, दवाखाना यांची नावं घेतील. आम्ही नदीच्या काठानं चालत गेलो, आणि आम्हाला सगळ्यात मोठी गोष्ट दिसली ती मुंबईला वीज देऊन झाल्यावर उरलेलं पाणी.

[दृश्य: खोपोली. हिरव्या उतारावरून खाली आलेले जाड लोखंडी पाइप.]

हा धंदा सुरू झाला तो खोपोलीला. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापड गिरण्या कोळशावर चालत. कोळसा लांबून यायचा, येईपर्यंत महाग व्हायचा, आणि त्याचा धूर गिरणगावाच्या छातीत जायचा. लोणावळ्याच्या डोंगरात चार महिने कोसळणारं पाणी अडवायचं, कड्यावरून पाइपात सोडायचं आणि त्यावर वीज करायची, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. 1904 मध्ये ते गेले. त्यांच्या मुलांनी 1910 मध्ये कंपनी काढली. भांडवल देशातच उभं राहिलं, संस्थानिकांनीही पैसा घातला. 1911 मध्ये लोणावळ्याला धरणाची पायाभरणी झाली आणि 1915 मध्ये खोपोलीच्या विजेवर मुंबईतल्या गिरण्या फिरू लागल्या. 1922 मध्ये कर्जतजवळ भिवपुरी आणि 1927 मध्ये भिरा.

धंदा म्हणून याचं गणित कोळशाच्या नेमकं उलटं आहे. कोळशाला रोज पैसे मोजावे लागतात; पाऊस फुकट येतो. पण तो फुकटचा पाऊस कामाला लावायचा तर धरण, बोगदा, पाइप, यंत्रं आणि मुंबईपर्यंतच्या तारा, हा सगळा खर्च पहिलं युनिट विकण्याआधीच करून मोकळं व्हावं लागतं. म्हणून गिऱ्हाईक आधीच पक्कं लागतं. ते गिरण्यांच्या रूपानं मिळालं, मग रेल्वे आली, शहराचा वीजपुरवठा आला. आज सौर आणि पवन ऊर्जेच्या कंपन्या वीस-पंचवीस वर्षांचे करार का मागतात, याचं उत्तर खोपोलीच्या या पाइपांत आहे. तिन्ही केंद्रांची मिळून क्षमता आज 447 मेगावॉट आहे, आणि तिथल्या विजेचं मुख्य गिऱ्हाईक आजही मुंबईच.

[दृश्य: पेल्टन चाक, अगदी जवळून. पाण्याची धार वाट्यांवर येते तो क्षण, संथ गतीनं.]

हे चाक नीट पाहा. कडेला ओळीनं जोडवाट्या बसवलेल्या आहेत. दोन वाट्यांच्या मधोमध सुरीसारखी धारदार कड. भिऱ्याला पाणी सुमारे 500 मीटर उंचीवरून येतं आणि तोटीतून धार होऊन सुटतं ते नेमकं या कडेवर. तिथं धार दोन भागांत चिरते, दोन्ही वाट्यांच्या पोटातून गोल वळते आणि मागं फेकली जाते. या एवढ्याशा वळणात पाणी आपला जवळजवळ सगळा जोर चाकाला देऊन टाकतं आणि खाली पडतं तेव्हा त्यात धावण्याची ताकद उरलेली नसते. पण थेंबही कमी झालेला नसतो. वर होतं तेवढंच पाणी खाली आलेलं असतं.

अशा केंद्राचा आणखी एक गुण शहराला अडचणीत कळतो. औष्णिक केंद्र थंड पडलं की पुन्हा तापवायला तासन्‌तास लागतात. पाण्यावरचं यंत्र काही मिनिटांत फिरतं. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. शहर पुन्हा उजळायला घेतलं तेव्हा ट्रॉम्ब्याच्या औष्णिक केंद्राबरोबर या तिन्ही जलविद्युत केंद्रांची वीज हाताशी होती.

[दृश्य: मुळशी धरणाची भिंत. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला काठ.]

आता या विजेची किंमत. ती पहिल्यांदा मोजली घाटावरच्या शेतकऱ्यांनी. मुळशी खोऱ्यातल्या पन्नासहून अधिक गावांच्या जमिनी या धरणानं घेतल्या. मावळातला आंबेमोहोर पिकवणारी भातशेती होती ती. सरकारनं 1894 च्या भूसंपादन कायद्याचा बडगा उगारून एका खाजगी कंपनीसाठी ती मिळवून दिली. 16 एप्रिल 1921, रामनवमीचा दिवस. मावळे कामाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम बंद पडलं. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट यांनी नेतृत्व केलं, तुरुंगवास भोगला, आणि लोकांनी त्यांना सेनापती म्हटलं ते याच लढ्यामुळं. तीन-एक वर्षं लढा चालला. शेवटी धरण झालं.

मुळशीचा सत्याग्रह शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकतो. खरं तर मोठ्या धरणासाठी जमीन घेण्याविरुद्ध शेतकऱ्यांनी संघटित होऊन दिलेल्या जगातल्या सुरुवातीच्या लढ्यांपैकी तो एक. हरित ऊर्जेची जाहिरात करणाऱ्या प्रत्येकानं तो मुळापासून वाचायला हवा, असं आम्हाला मनापासून वाटतं. धूर निघाला नाही म्हणून कुणाचं काही जळलं नाही, असं होत नाही.

[दृश्य: भिरा. डोंगरावरून पश्चिमेला गेलेले मनोरे, खाली कातकरी वाडी, कौलारू घरं.]

आणि खाली कोकणात? भिऱ्याच्या डोक्यावरून तारा मुंबईला गेल्या. आजूबाजूच्या गावांत, वाड्यांवर दिवा लागायला पुढं कित्येक दशकं जावी लागली. स्वातंत्र्य मिळालं, महाराष्ट्र झाला, वीज मंडळ आलं, तेव्हा कुठं गावोगाव खांब उभे राहू लागले. आजही इथल्या घराचं बिल महावितरणचं येतं. शेजारच्या पॉवरहाऊसचा आणि घरातल्या बल्बचा थेट संबंध नाही.

संबंध आहे तो पाण्याचा.

[दृश्य: रवाळजे. भल्या सकाळची नदी, उघडे गोटे, काठावर उलथे करून ठेवलेले राफ्ट.]

भिऱ्याहून निघालेलं पाणी रवाळज्याला पुन्हा अडवलं जातं आणि तिथं राज्य सरकारच्या कंपनीचं 80 मेगावॉटचं केंद्र त्याच पाण्यावर दुसऱ्यांदा वीज करतं. तिथून खाली कुंडलिका खऱ्या अर्थानं नदी होते, पण घड्याळाच्या काट्यावर चालणारी. सकाळी पात्रात गोटे उघडे असतात. राफ्ट काठावर तयार, हवा भरलेले, हेल्मेटं आणि जॅकेटं ओळीनं मांडलेली. गावातली पोरं पात्राकडं डोळे लावून असतात. मग पाणी सुटतं. आधी गोट्यांमधल्या फटी भरतात, मग लहान गोटे बुडतात, मग मोठ्या खडकांभोवती फेस धरतो, आणि मघाशी जिथून चालत जाता येत होतं तिथं माणूस उभा राहू शकत नाही. मग एकेक राफ्ट पाण्यात उतरतो.

कोकणात वर्षाला तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांना टँकर लागतो. नद्या आखूड, उतार तीव्र, जांभा पाणी धरून ठेवत नाही. होळीपर्यंत बहुतेक पात्रं कोरडी पडतात. कुंडलिका मात्र मे महिन्यातही वाहते. कोलाडचं राफ्टिंग बाराही महिने चालतं ते यामुळंच. त्याच्या जोरावर गाइड, जीपवाले, खानावळी, घरगुती राहण्याची सोय असा एक रोजगार उभा राहिला, आणि पूर्वी मुंबईची वाट धरणारी काही पोरं गावात राहिली. हे कुठल्याही कंपनीच्या सामाजिक कार्यक्रमात आखलेलं नव्हतं. वीज करून झाल्यावर पाणी कुठंतरी सोडायचं होतं, ते इथं सुटलं.

[दृश्य: डोलवहाळ बंधारा. दोन्ही बाजूंना निघालेले कालवे. उन्हाळी भाताची खाचरं.]

कोलाडजवळ डोलवहाळचा बंधारा आहे. त्यानं हे पाणी कालव्यांत वळवलं आणि रोहा, माणगावच्या शेतकऱ्याला दुसरं पीक दाखवलं. पावसाळी भात काढल्यावर वाल टाकायचा आणि थंडीच्या ओलीवर जे येईल ते घ्यायचं, ही इथली जुनी रीत. कालव्याचं पाणी आलं तिथं उन्हाळी भात उभा राहिला. दोन हंगाम भाताचे म्हणजे घरात वर्षभराचा दाणा, आणि गुरांना पेंढा. मात्र कालव्याच्या टोकाचं गाव आणि तोंडाचं गाव यांचं नशीब एक नाही. अस्तर उखडलं, माती साचली, दुरुस्ती लांबली, की शेवटच्या खाचरापर्यंत पाणी पोचत नाही. वर धरण भरलेलं असतं, मधे यंत्रं फिरत असतात, आणि तरीही एखाद्या शेतकऱ्याची रोपं करपतात ती शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमुळं. या दुरुस्तीला कुठलंही नवं तंत्रज्ञान लागत नाही. पैसा वेळेवर लागतो.

[दृश्य: धाटाव औद्योगिक वसाहत, मग रोह्याच्या पुढचं पात्र, मग साळावचा पूल आणि कोर्लईचा डोंगर.]

बाराही महिने पाणी आहे म्हटल्यावर कारखानेही आले. रोह्याजवळची धाटाव औद्योगिक वसाहत रसायनांच्या कारखान्यांची. तिनं पगार दिले, आणि नदीत सांडपाणीही. खालच्या अंगाच्या कोळ्यांना खाडीत पूर्वीसारखी मासळी मिळेनाशी झाली. वर स्वच्छ वीज देऊन आलेलं पाणी रेवदंड्याला समुद्रात पडतं तेव्हा ते स्वच्छ राहिलेलं नसतं. याचा दोष वीज कंपनीवर टाकता येणार नाही. पण नदीचा हिशेब मांडताना ही नोंद गाळताही येणार नाही.

हेच उत्तरेला. खोपोलीचं पाणी पाताळगंगेत येतं, भिवपुरीचं उल्हास नदीत. कर्जत-बदलापूरपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत लाखो घरांच्या नळांना उल्हास नदीचा आधार आहे. दक्षिणेला चिपळूणजवळ कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरातून वाशिष्ठीत उतरतं. तो प्रकल्प सरकारी, 1960 मेगावॉटचा, पण रीत हीच: पाऊस घाटावरचा, उतार कोकणाचा, वीज राज्याची आणि शहरांची.

[दृश्य: मुळशी जलाशय, मे महिना.]

दर उन्हाळ्यात घाटावरून एक मागणी होते. पुणं वाढतंय, खाली भीमा खोऱ्यात दुष्काळ पडतो. तेव्हा टाटा धरणांचं पाणी पश्चिमेला सोडणं थांबवा, पूर्वेला आमच्याकडं वळवा. मागणी खोटी नाही. ते पाणी मुळात त्यांच्याच नद्यांचं होतं आणि जमीनही त्यांच्याच लोकांनी गमावली. पण गेल्या शंभर वर्षांत कुंडलिकेच्या काठानं एक अख्खं जग या पाण्यावर उभं राहिलंय. खाचरं, नळ, राफ्ट, कारखाने. यांतल्या एकाचाही वीज कंपनीच्या मूळ हिशेबात उल्लेख नव्हता, म्हणून उद्या पाणी वळलं तर त्यांचा दावा कुठल्या कागदावर उभा राहणार, हा प्रश्न आज विचारायचा आहे.

कारण धंदा पुन्हा बदलतोय. भिऱ्याला 1990 च्या दशकात 150 मेगावॉटचं एक वेगळं यंत्र बसलं. ते दोन्हीकडून चालतं. विजेची गरज असते तेव्हा पाणी खाली सोडून वीज करतं, आणि वीज जास्त असते तेव्हा तीच वीज खाऊन पाणी पुन्हा वर मुळशीत चढवतं. चार युनिट घातली तर साधारण तीन परत मिळतात. तोट्याचा व्यवहार वाटेल, पण दुपारी देशभरातल्या सौर पॅनेलांची वीज उतू जाते आणि संध्याकाळी सातला, सगळे घरी परतल्यावर, कमी पडते. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत राखून ठेवण्याला आता मोठा भाव आहे. 2023 मध्ये टाटा पॉवरनं राज्य सरकारशी असे दोन नवे प्रकल्प उभारण्याचा करार केला: पुणे जिल्ह्यात शिरवत्याला 1800 मेगावॉट, आणि आपल्या रायगडात भिवपुरीला 1000 मेगावॉट. सौरऊर्जा वाढवायची तर असे साठे लागणारच. आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत.

[दृश्य: भिवपुरी. डोंगर, पाइप, पायथ्याला उल्हास खोऱ्यातली शेतं.]

पण जुन्या पद्धतीत वीज झाली की पाणी नदीचं होत होतं. नव्या पद्धतीत तेच पाणी वर-खाली फिरवता येतं, आणि नदीत किती सोडायचं हे कुणीतरी वेगळं ठरवावं लागतं. म्हणून पायथ्याच्या ग्रामपंचायतींनी काम चालू असतानाच मागून घ्यायला हवं: बाराही महिने नदीत किमान किती पाणी राहील, ते आकड्यात आणि लेखी. भिरा आणि रवाळज्याहून रोज किती पाणी सुटलं, किती वाजता सुटलं, हे खालच्या प्रत्येक गावाच्या फळ्यावर लागायला हवं. हा आकडा पॉवरहाऊसमध्ये रोज नोंदला जातोच. आणि डोलवहाळच्या कालव्यांच्या दुरुस्तीचा पैसा पावसाळ्यानंतर लगेच, वालाची पेरणी उरकायच्या आत, सुटायला हवा.