पाळी बदलतानाची दहा मिनिटं

[वर्कशॉप. मशीनची रांग. मुलं-मुली निळ्या डगल्यात.]

ही टर्नर ट्रेडची बॅच, म्हणजे लेथवर धातू फिरवून कापायला शिकणारी मुलं-मुली. मशीन बंद आहेत, कारण तास 'एम्प्लॉयबिलिटी स्किल्स'चा आहे. आयटीआयच्या अभ्यासक्रमात या विषयाला पहिल्या वर्षी १२० तास दिलेत. बहुतेक ठिकाणी ते फळ्यासमोर संपतात: मुलाखतीला कसं बसावं, टाय कसा बांधावा. (फिरत्या चकजवळ, म्हणजे धातूचा तुकडा धरून फिरवणाऱ्या पकडीजवळ, टाय घालून जाणाऱ्याला कुणी कामावर ठेवणार नाही, ते सोडा.) इथल्या निदेशकांनी तास वर्कशॉपमध्ये आणलाय. विषय एकच, पाळी बदलताना काय करायचं.

[मनगटांचे क्लोज-अप.]

आधी अंगठी, कडं, मनगटाचा दोरा. सगळं काढून डब्यात. बाह्या कोपराच्या वर. लेथवर हातमोजेही चालत नाहीत. कापडाचं एक टोक चकमध्ये सापडलं की मागोमाग हात ओढला जातो. चिप्स, म्हणजे कापलेल्या धातूचा कीस, काढायला ब्रश किंवा हुक, बोटं कधीच नाहीत.

[लॉगबुक. दोन मुलं मशीनसमोर उभी.]

पहिल्या पाळीचा ऑपरेटर आहे, दुसऱ्या पाळीचा आलाय. 'सगळं ओके आहे' म्हणून पहिला निघतो. निदेशक त्याला परत बोलावतात.

शेवटच्या जॉबचा, म्हणजे मशीनवर घडवलेल्या तुकड्याचा, बाहेरचा व्यास ०.०५ मिलिमीटरने जास्त आला होता. पहिल्याने ऑफसेट दिला, म्हणजे मशीनमध्ये तेवढी माप-दुरुस्ती भरली, पण त्यानंतर एकही जॉब काढला नाही आणि कुठे लिहिलंही नाही. दुसऱ्याने तोच जॉब मायक्रोमीटरने मोजला, जास्त दिसला, म्हणून त्यानेही ०.०५ दिला. आता पुढचा जॉब तेवढाच कमी भरणार. जास्तीचं कापून काढता येतं, कापलेलं परत चिकटवता येत नाही. जॉब भंगारात, आणि दोघंही म्हणणार, 'मी तर बरोबर केलं.'

म्हणून लॉगबुकात चार गोष्टी: जॉब नंबर, शेवटचं माप, दिलेला ऑफसेट वेळेसकट, आणि अर्धवट राहिलेलं काम. शेवटी दोघांच्या सह्या. त्यासाठी दुसऱ्या पाळीच्या माणसाने दहा मिनिटं आधी यायचं. यायला जमणार नसेल तर पाळी सुरू व्हायच्या आधी सुपरवायझरला फोन. मित्राकरवी निरोप पाठवला तर तो पोचलाच असं धरून चालत नाही.

[निदेशक सुपरवायझर झालेत. एक विद्यार्थिनी मशीनपाशी.]

आता अवघड भाग. चकच्या गार्डचा स्विच कुणीतरी बायपास केलाय, म्हणजे दार उघडं असतानाही मशीन फिरेल. सुपरवायझर म्हणतात, "चालू कर, ऑर्डर आजच जायचीये."

पहिल्यांदा ती गप्प राहते. दुसऱ्यांदा आवाज चढतो. तिसऱ्यांदा वाक्य जमतं:

"साहेब, गार्डचा स्विच बायपास केलाय. तो जोडल्याशिवाय मी मशीन चालू करत नाही. मेंटेनन्सला कळवते, तोवर पुढच्या जॉबचं ड्रॉइंग वाचून टूल काढून ठेवते."

काय चुकलंय, मी काय करणार नाही, आणि तोवर काय करणार. मधला भाग एकटाच बोलला की उद्धटपणा वाटतो, तिसरा जोडला की सुपरवायझरला उत्तर द्यायला जागा मिळते. मग लॉगबुकात वेळ टाकून नोंद. वर्गातल्या प्रत्येकाने हे म्हणून दाखवल्याशिवाय तास सुटला नाही. प्रत्येक आयटीआयमध्ये हे व्हायला हवं.

[संगणकाचा पडदा. शिकाऊ उमेदवारीचा करार.]

आयटीआयनंतर बरेच जण एमआयडीसीत शिकाऊ उमेदवार म्हणून जातात. त्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. करारावर आपला ट्रेड, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, विद्यावेतनाचा आकडा बघायचा. अठराच्या आतल्या उमेदवारासाठी पालकाची सही लागते. महिन्याचं विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मिळायला हवं. शिकाऊ उमेदवाराला नगावर पैसे देता येत नाहीत, उत्पादनाच्या बोनस योजनेतही ओढता येत नाही. हात घाई करायला लागले की शिकणं थांबतं. ओव्हरटाइम द्यायचा तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याची, मंजुरी लागते.

आणि हे उमेदवारालाही माहीत हवं: कायद्याने तो प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. शिकायला हजर राहणं आणि कायदेशीर सूचना पाळणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

[हाताला पट्टी बांधलेला तरुण.]

प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची.

[नोटीस बोर्ड.]

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी, त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत. लिहिता येत नसेल तर लिहून देण्यात मदत करणं समितीचं काम.

करारावरून वाद झाला तर तो शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे जातो. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. एक द्यायची, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घेऊनच निघायचं.