दाबाखालचा ऑक्सिजन आणि हरवती स्मृती

नमस्कार श्रोतेहो. 'चेंबरमध्ये साठ वेळा बसवा, विसरणं कमी होईल' असं सांगून स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना हल्ली हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी, म्हणजे बंद चेंबरमध्ये वाढीव दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देण्याचा उपचार, सुचवली जाते. आज त्या चेंबरविषयी बोलू.

साध्या हवेतही रक्तातलं हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के ऑक्सिजनने भरलेलंच असतं. तिथे आणखी भरायला जागा फारशी नाही. रक्तद्रवात नुसता विरघळलेला ऑक्सिजन मात्र अगदी थोडा, १०० मिलिलीटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलीटर. शुद्ध ऑक्सिजन तिप्पट दाबाने दिला की तो ६ मिलिलीटरच्या आसपास पोचतो. ॲमस्टरडॅमचे शल्यविशारद इटे बूरेमा यांनी १९६०च्या सुमारास डुकरांच्या रक्तातल्या जवळजवळ सगळ्या तांबड्या पेशी काढून, केवळ या विरघळलेल्या ऑक्सिजनवर त्यांना जिवंत ठेवून दाखवलं होतं.

तेव्हा हा उपचार थोतांड नाही. खोल पाण्यातून घाईने वर आलेल्या पाणबुड्यांना होणारा बेंड्स हा विकार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, गॅस गँगरीन हा ऊती सडवणारा जंतुसंसर्ग, मधुमेहींच्या पायाची काही न भरणारी व्रणं, इथे तो मान्य आहे. स्मृतिभ्रंश त्या यादीत नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१३ मध्येच मान्यता नसलेल्या अशा वापरांविषयी ग्राहकांना इशारा दिला होता, आणि त्यात अल्झायमरचं नाव होतं.

कल्पना तशी जुनीच. १९६९ मध्ये अमेरिकेत काही वृद्धांची स्मरणशक्ती चेंबरनंतर सुधारल्याची बातमी आली आणि मोठी आशा निर्माण झाली. १९७८ मध्ये काटेकोर तुलना झाली, तेव्हा तो फायदा दिसला नाही. रक्तवाहिन्यांच्या विकारातून येणाऱ्या स्मृतिभ्रंशाबद्दल, वैद्यकीय अभ्यास एकत्र पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये आढावा घेतला. त्यांना निकषात बसणारा एकच अभ्यास सापडला, ६४ रुग्णांचा, आणि त्याचा दर्जाही कच्चा होता. इस्रायलमधल्या एका संशोधक गटाचं २०२१ चं काम आज जाहिरातींत झळकतं. त्यात उंदरांवरचे प्रयोग नीट केलेले आहेत, पण माणसं सहाच, आणि तुलनेसाठी दुसरा गट नाही. स्मरणशक्तीची तीच चाचणी पुन्हा दिली की गुण थोडे वाढतातच. शिवाय तीन महिने नेमाने बाहेर पडणं, नवी माणसं भेटणं, यानेही म्हातारं माणूस खुलतं. तुलनेचा गट नसेल तर श्रेय कुणाला द्यायचं?

त्या अभ्यासातली पद्धत अशी: दुप्पट दाब, म्हणजे समुद्रात दहा मीटर खाली गेल्याइतका; ९० मिनिटं मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन, आणि दर २० मिनिटांनी पाच मिनिटं साधी हवा. ही पाच मिनिटं विश्रांतीसाठी नसतात. दाबाखालचा ऑक्सिजन मेंदूला विषारी ठरून आकडीचा झटका येऊ शकतो, तो धोका कमी करण्यासाठी असतात. झटका आलाच तर आधी मास्क काढायचा, आणि आकडी ओसरेपर्यंत दाब आहे तिथेच ठेवायचा. घाईने उतरवला तर कंठ मिटलेला असताना फुप्फुसातली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं.

खरी अडचण कानांची. दाब दुप्पट होताना मध्यकर्णातल्या हवेचं आकारमान निम्मं होतं, आणि पडदा आत ओढला जातो. गिळणं, जांभई देणं किंवा नाक दाबून हलकेच फुंकणं हाच उपाय, तोही दाब वाढू लागल्यापासूनच वारंवार करायचा. दुखू लागलं की दाब वाढवणं थांबवून थोडा मागे घ्यायचा. आता 'गिळा' म्हटलेलं ज्यांच्या ध्यानात राहत नाही, दुखतंय हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांचं काय? बंद जागेत बावरून मास्क ओढून काढणारे असतातच. अशा रुग्णासोबत आत माणूस बसू शकेल असंच मोठं चेंबर हवं. एकट्याच्या पारदर्शक नळीत बाहेरून हाका मारून भागत नाही.

छातीत फुप्फुसाच्या बाहेर हवा साठलेली असेल आणि तिच्यावर उपचार झालेले नसतील, तर चेंबर पूर्ण वर्ज्य. मधुमेहींची साखर आत उतरते, म्हणून आधी मोजायची. बऱ्याच सत्रांनंतर लांबचं धूसर दिसू लागतं, बहुतेकदा काही आठवड्यांत पूर्ववत होतं. मोतीबिंदू मात्र वाढू शकतो. कपडे फक्त सुती. तेल, मलम, मोबाइल, श्रवणयंत्र, सगळं बाहेर. भरपूर ऑक्सिजनमध्ये ठिणगी पडली तर पळायला वेळ मिळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉय शहरात एका केंद्रातल्या चेंबरला आग लागून पाच वर्षांचा मुलगा दगावला.

घरी भाड्याने मिळणारी फुगवायची कापडी पिशवी वेगळीच वस्तू आहे. तिथे दाब सुमारे १.३ पट. आत साधी हवा असेल तर हिशोब सोपा: २१ टक्के गुणिले १.३, म्हणजे साधारण २७ टक्के ऑक्सिजन. तेवढा तर नाकातल्या साध्या नळीतूनही मिळतो.

विसरण्यामागे बरं होण्याजोगं दुसरं कारणही असू शकतं, म्हणून साठ सत्रांचे पैसे भरण्याआधी रुग्णाच्या ब-१२ आणि थायरॉइडच्या तपासण्या झाल्यात का ते पाहा. झोपेच्या, ॲलर्जीच्या गोळ्या चालू आहेत का ते डॉक्टरांना दाखवा. पडल्यानंतर डोक्यात साकळलेलं रक्तही स्कॅनशिवाय कळत नाही. आणि नीट ऐकू न येण्यानेही माणूस विसरल्यासारखा वाटतो, तेव्हा कानात मळ साचला आहे का, हे कोणीतरी एकदा बघा.