वॉट वाढवून तलफ भागत नाही

सिगारेट सोडायला माझ्याकडे येणारी माणसं हातातलं वेप, म्हणजे ई-सिगारेट, टेबलावर ठेवतात आणि बहुतेकदा पहिला प्रश्न हाच विचारतात: "किती वॉटवर ठेवू?" ब्रिटनमध्ये व्यसनमुक्तीचं काम करताना हा प्रश्न मला रोज भेटतो. आज तुम्हा मंडळींपुढे त्याचंच उत्तर जरा नीट मांडतो. त्याआधी एक गोष्ट. ज्यांनी कधी सिगारेट ओढलीच नाही, त्यांनी, आणि इथे बसलेल्या कॉलेजच्या मुलामुलींनी तर नक्कीच, या यंत्राच्या वाटेला जायचं कारण नाही. मी बोलतोय ते वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेल्यांशी.

वेपमधली कॉइल जवळून पाहा. बोटाच्या पेराएवढी धातूची नळी, आत तार किंवा जाळी आणि तिला चिकटून कापूस. कापूस निकोटिनचं लिक्विड शोषून घेतो, तार तापते, लिक्विडची वाफ होते. नळीच्या अंगावर बारीक अक्षरांत दोन गोष्टी छापलेल्या किंवा कोरलेल्या असतात: ओहम, म्हणजे तारेचा विजेला होणारा रोध, आणि वॉटचा पल्ला. समजा, "०.८ ओहम, १२ ते १६ वॉट". तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच असतं. पण दुकानातून बाहेर पडताना खोका कचऱ्यात जातो आणि ही अक्षरं कोणी वाचत नाही.

ओहमचा आकडा इतका महत्त्वाचा का, तर शाळेत शिकलेलं सूत्र आठवा: व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॉट. १.२ ओहमच्या कॉइलला ३.८ व्होल्ट दिले की साधारण १२ वॉट होतात. तेच ३.८ व्होल्ट ०.४ ओहमच्या कॉइलला दिले की ३६. म्हणजे तिप्पट. त्यामुळे "माझा मित्र ४० वर ठेवतो" याला काही अर्थ नाही. मित्राची कॉइल कुठली, हे आधी विचारा. मित्र थेट छातीत झुरका घेत असेल आणि तुम्ही सिगारेटसारखा आधी तोंडात घेऊन मग आत ओढत असाल, तर दोघांची यंत्रंच वेगळी.

पल्ल्याच्या वर गेलं की काय होतं? वेपच्या लिक्विडमध्ये मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं. पहिलं १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, दुसरं २९० च्या आसपास. कापूस ओला आहे तोवर तारेची उष्णता वाफ करण्यात खर्च होते आणि तापमान आटोक्यात राहतं. समईतलं तेल संपलं की वातच जळायला लागते, तसंच इथे होतं. लिक्विड पोहोचण्याआधी तार तापली की कापूस करपतो, ग्लिसरीनचं विघटन होतं आणि फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन यांसारखी घातक द्रव्यं तयार होतात. घशाला एकदम ठसका लागतो, तोंडात करपट, कडवट चव येते. वेपवाले याला 'ड्राय हिट' म्हणतात. ही चव आली की पुढचा झुरका घ्यायचा नाही. वॉट कमी करा, टाकी बघा, आणि कापूस एकदा करपला असेल तर कॉइल बदला. करपलेला कापूस पुन्हा सुधारत नाही.

२०१५ मध्ये यावर मोठा वाद झाला. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या संशोधकांनी एकाच यंत्रावर ३.३ आणि ५ व्होल्टला निघणारी वाफ तपासली. ३.३ ला त्यांना फॉर्मल्डिहाइड देणारी संयुगं सापडली नाहीत, ५ ला भरपूर सापडली. त्याच वर्षी ग्रीक हृदयरोगतज्ज्ञ फार्सालिनोस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अशी मोठी प्रमाणं निघतात ती ड्राय हिटच्या अवस्थेत, जिथे अनुभवी माणूस चवीनेच थांबतो. मला दोन्हींतून एकच धडा दिसतो: तापमानाला मर्यादा आहे, आणि ती ओलांडल्याचं जीभ सांगते. मात्र जीभ प्रत्येक वेळी वेळेवरच सांगेल, यावर मी विसंबणार नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि नेमकी इथेच चांगली, जिद्दी माणसं चुकतात. सिगारेट सुटली की आठवडाभरात त्यांना वाटतं, निकोटिनही कमी करून टाकू. मिलिलिटरला १८ मिलिग्रॅमवरून एकदम ६ वर येतात. तलफ काही भागत नाही. मग जास्त वाफ मिळावी म्हणून बोट आपोआप वॉटच्या बटणावर जातं. लंडनमधल्या लिन डॉकिन्स आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. १८ ऐवजी ६ मिलिग्रॅमचं लिक्विड दिल्यावर लोकांनी जास्त झुरके घेतले, लांब झुरके घेतले, लिक्विड जास्त संपवलं, आणि फॉर्मल्डिहाइडचा संपर्कही वाढला. वर चिडचिड आणि तलफ होतीच. निकोटिनचं व्यसन लागतं, यात शंका नाही. पण सिगारेटने कर्करोग होतो तो मुख्यतः जळणाऱ्या तंबाखूच्या धुरामुळे. म्हणून सुरुवातीला निकोटिन पुरेसं ठेवा आणि वॉट कमी ठेवा. ब्रिटनमध्ये मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे. दिवसाला पाकीटभर ओढणाऱ्याला त्याच्या जवळपासचं लिक्विड लागू शकतं, आणि त्यात संकोच वाटायचं कारण नाही. उलट बाजूही सांगतो: तेच २० चं लिक्विड ६० वॉटच्या मोठ्या यंत्रात घालू नका. डोकं गरगरेल, मळमळेल.

मग प्रत्यक्षात करायचं काय? नवी कॉइल बसवताना कापसावर दोन-चार थेंब सोडा, टाकी भरा आणि दहा मिनिटं थांबा. ही दहा मिनिटं कोणालाच नको असतात, पण कॉइल पहिल्याच झुरक्यात करपते ती इथे घाई केल्याने. मग पल्ल्याच्या तळापासून सुरुवात करा, १२ ते १६ असेल तर १२. दोन झुरक्यांमध्ये थोडा वेळ जाऊ द्या. वाफ फारच थंड, बेचव वाटली तर एकेका वॉटने वर जा आणि समाधान झालं तिथे थांबा. पल्ल्याचा वरचा आकडा म्हणजे गाठायचं ठिकाण नव्हे. दाट, ग्लिसरीन जास्त असलेलं लिक्विड बारीक कॉइलमध्ये नीट झिरपत नाही, तेव्हा तिथे पातळ लिक्विड वापरा. यंत्रात वॉटऐवजी तापमान ठरवून देण्याची सोय असेल तर ती निकेल, टायटेनियम किंवा स्टेनलेस स्टीलच्या तारेवरच वापरा. कँथल या मिश्रधातूची तार तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही, त्यामुळे यंत्राला तिचं तापमान कळत नाही.

सुट्टीला भारतात जाणाऱ्यांसाठी एक सूचना. २०१९ च्या कायद्याने तिथे ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळं बंद आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दिवाळीला घरी जाताना वेप बॅगेत टाकू नका. त्या दिवसांत तलफेचं काय करायचं, निकोटिनचे पॅच की च्युइंग गम, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आणि निकोटिन उतरवायचंच असेल तर सिगारेट सुटून काही महिने गेल्यावर, एकेक पायरीने उतरवा. पायरी उतरल्यावर बोट वॉट वाढवायला लागलं, तर परत वरच्या पायरीवर जा, आणि तिथे आणखी थोडे दिवस राहा.