अकरावीला बायॉलॉजी घेताय?

श्रोतेहो, नमस्कार. अकरावीच्या प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की पुण्यातल्या घराघरांत एकच चर्चा असते: बायॉलॉजी ठेवायचं, मॅथ्स ठेवायचं, की दोन्ही? डॉक्टर की इंजिनियर, एवढ्यावर ती येऊन थांबते. त्या दोन वर्षांत वर्गात आणि प्रयोगशाळेत बसून मुलांनी नेमकं काय करायचंय, हे मात्र त्यांना फारसं कुणी सांगत नाही. मी ज्युनियर कॉलेजात हा विषय शिकवते, म्हणून आज त्याविषयी बोलणार आहे.

पहिली गोष्ट, विषय तुम्हाला अनोळखी नाही. दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये आनुवंशिकता होती, पेशीविज्ञान होतं, प्राण्यांचं वर्गीकरण होतं. अन्नातून ऊर्जा मिळवताना पेशीत जे क्रेब्ज चक्र चालतं, त्याचं नावसुद्धा तुम्ही लिहून आलात. अकरावीत त्या चक्राच्या आत शिरावं लागतं. दोन कार्बनचा एक गट चार कार्बनच्या रेणूला जोडला जातो, सहा कार्बनचं सायट्रिक आम्ल तयार होतं, आणि चक्र पूर्ण होईपर्यंत त्यातले दोन कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात. मुलं इथे रेणूंची नावं घोकायला लागतात आणि आठवड्याभरात विसरतात. माझं सांगणं असतं, नावं राहू द्या बाजूला, आधी कार्बन मोजा. सकाळी खाल्लेल्या पोह्यांतल्या स्टार्चचा कार्बन दुपारी तुमच्या उच्छ्वासातून बाहेर पडतो. मधला सगळा रस्ता या एका धड्यात आहे. तो रस्ता एकदा पायाखालून गेला की नावं आपोआप आपापल्या जागी बसतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले दोन-तीन महिने जड जातात. तंतुकणिका, हरितलवक, पर्णरंध्रे ही सगळी ओळखीची मंडळी एकदम मायटोकाँड्रिया, क्लोरोप्लास्ट, स्टोमॅटा म्हणून समोर उभी राहतात, आणि हुशार मुलंही वर्गात गप्प होतात. त्यांना मी मनापासून सांगते, दहावीचं पुस्तक रद्दीत देऊ नका. संध्याकाळी तोच भाग आधी मराठीत वाचा आणि मग अकरावीचं पुस्तक उघडा. कळलेलं तुमचंच आहे, ते भाषेबरोबर कुठे जात नाही. शंकाही बिनधास्त मराठीत विचारा.

बहुतेक कॉलेजांत हा विषय दोघं शिकवतात, एक बॉटनीचे, एक झूऑलॉजीचे. बारावीच्या सध्याच्या पुस्तकात 15 प्रकरणं आहेत. वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या पुनरुत्पादनापासून सुरुवात, पुढे आनुवंशिकता, डीएनए, उत्क्रांती, रक्ताभिसरण, चेतासंस्था, रोग, जैवतंत्रज्ञान, आणि शेवटी परिसंस्था व जैवविविधता. परीक्षा लेखी 70 गुणांची, प्रात्यक्षिक 30 गुणांचं. या 30 गुणांबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण ते 'हातचे' म्हणून सोडून दिले जातात, आणि माझ्या मते हा विषय शिकायची खरी जागा तीच आहे.

पेशींचं विभाजन बघण्यासाठीचा कांद्याच्या मुळाचा प्रयोग घ्या. कांद्याची जुनी वाळकी मुळं खरवडायची आणि पाण्यानं भरलेल्या बाटलीच्या तोंडावर बूड पाण्याला टेकेल असा कांदा ठेवायचा. तीन-चार दिवसांत पांढरीशुभ्र मुळं सुटतात. सकाळी त्यांची टोकं कापायची, असेटिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात ठेवायची, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करायची, असेटोकार्मिननं रंगवायची. टोकाचा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा काचपट्टीवर घ्यायचा, वर कव्हरस्लिप, तिच्यावर टिपकागद, आणि अंगठ्यानं सरळ खाली दाबायचं. अंगठा जरा सरकला की पेशी एकमेकींवर चढतात आणि मेहनत वाया जाते.

आता सूक्ष्मदर्शकात बघा. पुस्तकात विभाजनाच्या टप्प्यांची प्रोफेज, मेटाफेज, ॲनाफेज, टेलोफेज अशी चार चित्रं सारख्या आकाराच्या चौकटींत मांडलेली असतात. काचपट्टीवर बहुतेक पेशी विभाजन न होणाऱ्या, नुसत्या गोल केंद्रकाच्या दिसतात. ज्या विभागताहेत त्यांतल्याही पुष्कळशा प्रोफेजमध्ये. ॲनाफेज शोधता शोधता मान दुखायला लागते. दरवर्षी कुणीतरी म्हणतं, "मॅडम, माझी स्लाइड बिघडली." स्लाइड छान असते. ज्या टप्प्यात पेशी जास्त वेळ घालवते, त्या टप्प्यातल्या पेशी जास्त दिसणार, कमी वेळाच्या कमी. म्हणजे शे-दोनशे पेशी शांतपणे मोजल्या तर घड्याळाला हात न लावता कोणता टप्पा किती रेंगाळतो याचा अंदाज बांधता येतो. एखादी पेशी चांगली पसरली असेल तर कांद्याची 16 गुणसूत्रंही मोजता येतात. चार चित्रं पाठ करून यातलं काहीही हाती लागत नाही.

दुसरा प्रयोग तर तुमच्या सोसायटीच्या बागेतल्या झाडाचा आहे. रिओ, म्हणजे वरून हिरवी आणि खालून जांभळी पानं असलेलं ते झाड, वाफ्यांच्या कडेनं लावतात ते. पानाच्या जांभळ्या बाजूची पातळ साल काढून मिठाच्या दाट पाण्यात ठेवली की पेशीतला रंगीत भाग भिंतीपासून सुटून आकसतो. साध्या पाण्यात टाकली की पुन्हा फुगतो. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं ते याच कारणानं. बारावीचा वनस्पती आणि पाणी हा अख्खा धडा या एका सालीवरून समजावता येतो.

आकृत्यांचंही तसंच. पुस्तकातली आकृती बघून काढलेली आकृती चार दिवसांत पुसली जाते. सूक्ष्मदर्शकात बघून, जे दिसलं तेवढंच काढलं की टिकते. चित्रकला यायला लागत नाही. टोक केलेली पेन्सिल, शेडिंग न करता एकेरी रेघ आणि नावांच्या सरळ रेषा, एवढं पुरतं. आणि ज्यांना प्राणी कापायची धास्ती वाटते त्यांच्यासाठी सांगते, आता बहुतेक ठिकाणी मॉडेल, तक्ते आणि जपून ठेवलेले नमुने यांवरच काम भागतं.

पुस्तकाबाहेरही हा विषय आपल्या शहरात जागोजागी भेटतो. अकरावीत फुलांची कुळं येतात. वेताळ टेकडीवर जागोजाग लावलेल्या गिरिपुष्पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी बहर येतो, तेव्हा एक फूल सोडवून पाहा. मागची मोठी पाकळी, बाजूच्या दोन पंखांसारख्या, आत जुळलेल्या दोन. वाटाण्याच्या कुळाची सगळी लक्षणं तिथे आहेत. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले तेव्हा पुणेकर घाबरले होते. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला होता. पोटात गेलेल्या जिवाणूमुळे हातपाय लुळे कसे पडतात? जिवाणूच्या पृष्ठभागावरचे काही रेणू आपल्या चेतातंतूंवरच्या रेणूंसारखे असतात. त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं आपल्याच चेतातंतूंवर चालून जातात. चेतासंस्थेचा धडा आणि रोगप्रतिकाराचा धडा ज्यानं नीट वाचलाय, तो हे घरच्यांना समजावून सांगू शकतो. पाणी उकळून का प्यायचं हेही सांगू शकतो. बारावीच्या मुलानं घराला एवढं द्यावं, ही माझी फार इच्छा आहे.

आता डॉक्टरकीच्या प्रवेशासाठीच्या नीट परीक्षेबद्दल. त्या परीक्षेत 180 प्रश्नांपैकी 90 जीवशास्त्राचे, 720 पैकी 360 गुण. चुकलेल्या उत्तराला एक गुण जातो. तयारी करायलाच हवी, एनसीईआरटीची पुस्तकंही ओळीन् ओळ वाचायला हवीत. पण काही ठिकाणी दोन वर्षं मुलं क्लासमध्येच बसतात आणि जानेवारीत दुसऱ्याचं जर्नल उतरवून काढतात. याचा मला खरोखर त्रास होतो. मूल चार पर्यायांतून एक निवडायला शिकतं आणि बोर्डाच्या पेपरात पाच ओळींचं उत्तर लिहिताना अडखळतं.

गणिताचं एवढंच सांगते, झेपत असेल तर सोडू नका. मेंडेलनं वाटाण्याच्या दुसऱ्या पिढीतले 7324 दाणे मोजले. 5474 गोल, 1850 सुरकुतलेले. त्या भागाकारातून आनुवंशिकता उभी राहिली. आपल्या पाषाणच्या आयसरसारख्या विज्ञान संशोधन संस्थेत जायचं असेल तर तिथल्या प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्राइतकंच वजन गणिताला असतं. नीटशिवायही शेती, फार्मसी, सूक्ष्मजीवशास्त्र, संशोधन असे पुष्कळ रस्ते आहेत. त्यांतल्या कितीतरी ठिकाणी आकडेमोड येणाऱ्याला मान असतो.

पालकहो, कॉलेज निवडताना कटऑफ तर तुम्ही बघालच. शक्य झालं तर प्रयोगशाळाही बघून या. सूक्ष्मदर्शक किती आहेत, एका बॅचला किती मुलं असतात, प्रात्यक्षिकं जूनपासून होतात की परीक्षेच्या तोंडावर, हे तिथल्या प्रयोगशाळा सहायकांना विचारा. ते खरं सांगतात. नमस्कार.