ओढ्याला त्याचा पूर परत द्या

नमस्कार मंडळी. प्रस्तावना फार करत नाही, थेट ओढ्यातच उतरू.

ओढा खराब झालाय असं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे प्लास्टिक, फेस आणि काळं पाणी येतं. ते दुखणं खरंच आहे, पण आज मी ज्या दुखण्याबद्दल बोलणार आहे ते लांबून कळतच नाही, उलट बघणाऱ्याला वाटतं काय छान साफ केलाय ओढा. सरळ पात्र, दोन्ही बाजूंना उभ्या कडा, पाणी खाली तळाशी एका रेषेत. असा ओढा बघितला की माझ्या पोटात कालवाकालव होते, कारण हा ओढा आता दर पुरात स्वतःलाच खात जाणार आहे हे माहीत असतं.

कसं ते सांगतो. समजा ओढा वळणं घेत घेत ४०० मीटर जातो आणि तेवढ्यात २ मीटर खाली उतरतो. आपण वळणं कापली, तो २०० मीटरचा झाला. उतरायचं तेवढंच, अंतर निम्मं, म्हणजे उतार दुप्पट झाला की नाही? आता पाण्याला जोर आला, त्यात काठ उंच केले, त्यामुळे पुराचं पाणी जे आधी आजूबाजूला पसरून शांत व्हायचं ते सगळं पात्रातच कोंडलं, आणि ती सगळी ताकद तळावर. तळ खचतो, खचला की पूर आणखीच आत कोंडतो, मग अजून खचतो.

कधी असा ओढा दिसला तर तळाकडे नीट बघा. कुठेतरी एक पायरी सापडेल, गुडघाभर उंच वगैरे. तिच्यावरून पाणी खाली पडतं, पायथ्याशी भोवरा होतो, भोवरा मागची माती पोखरतो, आणि मग वरची कड ढेकळासकट आत पडते. झालं, पायरी थोडी मागे सरकली. पुढच्या पुरात आणखी मागे. हे सगळं वरच्या दिशेने चढत जातं, म्हणजे छेडछाड खाली केलेली असते आणि जिथे कुणी हातही लावला नाही तो वरचा भाग पण खचायला लागतो. मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, कारण जिथे कड पडलीये तिथे दगड रचून लोक निघून जातात आणि पायरी तशीच राहते.

आता काठाचं बघू. ओढ्याचा तळ खाली गेला की शेजारच्या जमिनीतलं पाणी पण त्याच्यात उतरायला लागतं, मग काठाच्या झाडांची मुळं कोरड्यात लटकतात. आम्ही स्वतः ही चूक केलीये, मनापासून सांगतो. अशाच एका खचलेल्या ओढ्याच्या काठावर वाळुंजाची रोपं लावली, पाणी घातलं, कुंपण केलं, आणि एका उन्हाळ्यात बहुतेक सगळी गेली. खणून बघितलं तर कंबरभर खोलीपर्यंत माती भुसभुशीत कोरडी. रोपांचा काहीच दोष नव्हता, आधी पाणी वर आणायला हवं होतं, झाडं नंतर.

मग पाणी वर आणायचं कसं? मोठ्या नदीचं उदाहरण घ्या, अमेरिकेत फ्लोरिडातली किसिमी. १९६२ ते १९७१ या काळात पूर थांबवायचा म्हणून सुमारे १६६ किलोमीटरची नागमोडी नदी ९० किलोमीटरच्या सरळ कालव्यात बसवली. काठची पाणथळ जमीन वाळली, हिवाळ्यात येणारी पाणपाखरं जवळजवळ नाहीशी झाली. शेवटी १९९९ पासून तो कालवा बुजवायला घेतला, २०२१ मध्ये काम संपलं, साधारण ३५ किलोमीटर कालवा बुजवला आणि सुमारे ७० किलोमीटर जुनं पात्र वाहतं झालं. खर्च १०० कोटी डॉलरच्या घरात. पाखरं परत आली, पण बघा, सगळी नदी नाहीच मिळाली परत, आणि जेवढी मिळाली तिला वीसेक वर्षं लागली.

छोट्या ओढ्याला एवढं लागत नाही. अमेरिकेतल्याच ओरेगॉनमध्ये ब्रिज क्रीक म्हणून असाच खचलेला ओढा आहे, तिथे या काठापासून त्या काठापर्यंत ओळीने लाकडी खुंट तळात उभे ठोकून त्यात वाळुंजाच्या फांद्या विणल्या. पाणी पूर्ण अडवायचं नाही, फक्त थांबत थांबत जाऊ द्यायचं. मागे गाळ साचतो, तळ वर येतो, पाणी बाजूला पसरायला लागतं. त्यावर बीव्हर, म्हणजे फांद्या-चिखलाचे बांध घालणारे प्राणी, आले आणि त्यांनी स्वतःची बांधणी पुढे चालू केली, जमिनीतलं पाणी वर आलं, माशांची पिल्लं पण जास्त जगायला लागली. माणसाने सुरुवात करून दिली, बाकी काम ओढ्याने आणि त्या प्राण्यांनी केलं. मला हे फार आवडतं. जिथे बीव्हर नाहीत तिथे मात्र खुंट कुजतात, वाहून जातात, ते परत परत ठोकायला माणसंच लागतात, ही तयारी ठेवूनच हात घालायचा.

उलट बाजू पण सांगायला हवी. कॅलिफोर्नियात उवास क्रीकवर १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये आखीवरेखीव वळणं खोदून पक्की केली, आणि १९९६ च्या फेब्रुवारीतच पुराने ती मोडून टाकली. वळणं कागदावर सुंदर होती, पण वरून किती रेती-गोटे येतात, पाणी किती येतं, तो ओढा मुळात तशी वळणं घेणारा आहे का, हे बघायचं राहून गेलं. पाणी आणि उतार एका पारड्यात, गाळ आणि त्याचा जाडेपणा दुसऱ्या पारड्यात, असा हा तराजू असतो. वर धरणात गाळ अडवला तर खाली येणारं पाणी उपाशी असतं, ते तळ खातंच. तो तराजू न बघता आकार देत बसलात तर ओढा तुमचं ऐकणार नाही.

एक गोष्ट मात्र कुणालाही करता येते. पाण्यातला एखादा गोटा उचलून उलटा करा. खाली वाळूचे कण चिकटवून केलेली बारीकशी नळी दिसली, बोटाच्या पेराएवढी, तर ते एका किड्याच्या अळीचं घर आहे. काही अळ्या काठच्या झाडांची पडलेली पानं खाऊन जगतात, त्यांच्यावर मासे जगतात. गोटा मातीत रुतलेला असेल, खालच्या फटी चिखलाने बुजलेल्या असतील, तर ही घरं तिथे मिळणार नाहीत. गोटा बघून झाला की होता तसाच ठेवा.

आणि काम केलंत तर मोजा. २००५ मध्ये अमेरिकेतल्या नद्या-ओढे सुधारण्याच्या ३७ हजारांहून जास्त कामांची पाहणी छापून आली, त्यात नंतर काही मोजमाप केल्याची नोंद फक्त १० टक्क्यांच्या आसपास कामांमध्येच होती. एवढे पैसे, एवढे हात, आणि काय झालं ते कुणाला ठाऊक नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. फार काही लागत नाही हो. काठावर एक भोकं पाडलेला पाइप जमिनीत उभा पुरा, दर महिन्याला दोरी सोडून आत पाणी किती खाली आहे ते वहीत लिहा, आणि दर वर्षी त्याच खुणेवरून, त्याच महिन्यात, एक फोटो काढा. पाइपातलं पाणी वर यायला लागलं की मगच वाळुंजाच्या काड्या आणा.