गिंकाकुजीचं छप्पर शाकारताना

जपानमधल्या क्योतोच्या गिंकाकुजी मंदिरातली ही दुमजली वास्तू, कान्नोन सभागृह, १४८९ ची. अशिकागा योशिमासा या शोगुनने, म्हणजे लष्करी शासकाने, बांधायला घेतली आणि पूर्ण झालेली बघायच्या आधीच १४९० मध्ये तो गेला. वास्तू अजून उभी आहे, पण वरचं छप्पर लाकडाच्या पातळ पट्ट्यांचं, ते पंचवीस-तीस वर्षांत झिजतं, शेवाळ धरतं, मग सगळं उतरवून नव्याने शाकारावं लागतं. २००८ ते २०१० च्या दुरुस्तीत तेच झालं.

आता कारागिरांचे हात बघा. अशा छपराला बऱ्याचदा सावारा नावाच्या झाडाचं लाकूड वापरतात. करवत नाही लावायची, पात्याने फोडायचं. अर्ध्याचं अर्धं, परत त्याचं अर्धं, असं करत जेमतेम तीन मिलिमीटरची, वीतभरापेक्षा थोडी लांब पट्टी सुटते. करवतीने लाकडाचे धागे मधेच कापले जातात आणि तिथून पाणी शिरतं, फोडलेली पट्टी धाग्याच्या कलानेच सुटते म्हणून पाणी वरच्या वर निघून जातं. शिवाय ती जराशी खडबडीत राहते, त्यामुळे दोन पट्ट्यांमध्ये हवा खेळते आणि पाऊस थांबला की छप्पर पटकन सुकतं.

आणि हा आवाज ऐका. कारागीर छपरावर उकिडवे बसलेत, तोंडात बांबूचे खिळे, आपल्याकडे चपला शिवणारे काका तोंडात बारीक खिळे धरतात ना, तसेच. जिभेने एकेक खिळा सरळ करून ओठांवर आणायचा, बोटांत घ्यायचा, ठोकला, की पुढचा. खिळे भाजलेले असतात म्हणून लवकर कुजत नाहीत, आणि लोखंडासारखा गंज चढून भोवतीचं लाकूड सडत नाही.

प्रत्येक ओळ खालच्या ओळीपासून फक्त तीनेक सेंटिमीटर वर! म्हणजे छपरावर कुठेही बोट ठेवा, खाली आठ-दहा थर आहेत. कोपऱ्यावरचं हे वळण बघा, इथे पट्ट्या एका टोकाला निमुळत्या करून बसवतात, रेघ कुठेच मोडत नाही. खरं कसब इथेच लागतं असं मला वाटतं.

२०२० मध्ये युनेस्कोने जपानच्या लाकडी वास्तू जपण्याच्या पारंपरिक कौशल्यांना अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यात ही शाकारणीही आहे. पण कारागीर कमी होत चाललेत आणि सरळ धाग्याची जुनी झाडंही सहज मिळत नाहीत. या छपराची पुढची पाळी साधारण २०४० च्या आसपास येईल, तेव्हा जे वर चढणार आहेत त्यांना आत्ताच शिकायला बसवायला हवं.