रुग्णाशी नाते

(पुण्यातील एका ज्येष्ठ नागरिक संघात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. अध्यक्षबाईंनी माझी ओळख जरा जास्तच मोठी करून दिली. खरं एवढंच आहे की मी बँकेत होते आणि माझी बरीचशी नोकरी लोकांचे फॉर्म तपासण्यात गेली. रिकामा रकाना दिसला की हात अजून पेनाकडे जातो. पत्रिकेवर आजचा विषय ‘कर्करोगाचे उपचार आणि मैत्रीचे स्थान’ असा छापलाय. तो भारदस्तपणा कार्यवाहांचा. मला एका रकान्याबद्दल बोलायचंय. स्थानाबिनाचं शेवटी बघू.

सत्तरी ओलांडल्यावर माझ्या आईला स्तनाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, मग केमो. या सभागृहात किती घरांनी हे पाहिलंय ते विचारत नाही. हात वर करायला सांगितले तर व्याख्यान बाजूलाच राहील. केमो कशी देतात, केस कधी जातात, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. ते सोडून देते.

आईची एक मैत्रीण आहे. दोघी हुजूरपागेच्या. आम्ही त्यांना मावशी म्हणतो, पण रक्ताचं नातं काही नाही. शाळेत कुणाला किती मार्क पडले यावरून त्यांची अजून भांडणं होतात. मावशी राहतात नारायण पेठेत, आई कोथरूडला. रोज सकाळी फोन. तो फोन चालू असताना आईला गॅस बंद करायला सांगितलं तरी ऐकू येत नाही.

आता आमचं घर बघा. भाऊ बंगळूरला. त्याने दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला, एक्सेलमध्ये तक्ता केला: औषधं, तपासण्या, कोण कधी जाणार. तक्ता उत्तम होता, मी बँकेतली आहे, मला तक्ता कळतो. त्यात सगळे होते. सून, जावई, मी, भाच्याची गाडी. मावशी नव्हत्या. आणि वर भावाची सूचना: आईला कर्करोग म्हणायचं नाही, ‘गाठ आहे’ एवढंच म्हणायचं. रुग्णालयाच्या दारावर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत ‘कॅन्सर’ लिहिलेलं, आणि आत जाणारी बाई हुजूरपागेची! संमतीपत्रावर सही करताना तिने ते चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचलं, आणि भावाला म्हणाली, ‘गाठच आहे ना रे? बरं.’ तो म्हणाला, ‘हो आई, गाठच.’ झालं. दोघंही खूश.

मावशींना तिने बायोप्सीच्या दिवशीच सगळं सांगून टाकलं होतं.

मला इथेच पहिल्यांदा कळलं, की आई आमच्यासमोर आईचं काम करत होती. आजारीही तीच आणि धीर देणारीही तीच. ‘कशी आहेस?’ म्हटलं की ‘मस्त.’ जेवलीस का? ‘भरपूर.’ ताट तसंच. मुलांसमोर आईला रजा नसते हो. मावशी आल्या की ती रजेवर जायची. रडायची, वैतागायची, सुनेची तक्रार करायची, माझीही करायची, हे मला नंतर मावशींकडूनच समजलं, आणि त्यातल्या काही तक्रारी अगदीच अन्याय्य होत्या, पण तो आजचा विषय नाही.

एक उदाहरण. ते लाल औषध असतं ना, डॉक्सोरुबिसिन. पहिल्या डोसच्या रात्री आईला लघवी लाल झालेली दिसली. शेजारच्या खोलीत मी झोपलेली. मला उठवलं नाही. फोन कुणाला केला, तर मावशींना. आणि मावशींनी दुपारीच सिस्टरांना विचारून ठेवलेलं होतं: ‘अगं, रक्त नाहीये ते, औषधाचा रंग आहे. एक-दोन दिवस राहतो. झोप आता.’ तक्त्यात ही नोंद कुठेच नव्हती.

बरं, आता रकाना. हा किस्सा घरच्यांनी इतक्यांदा ऐकलाय की आमचे हे मागच्या रांगेत आत्ताच डोळे मिटून बसलेत.

पुढच्या एका डोसला माझी बँकेची पेन्शनची हजेरी होती, वहिनीला ताप, भाऊ बंगळूरला. मावशी म्हणाल्या, मी नेते. दोघी रिक्षाने गेल्या. काउंटरवर एक मुलगा, पोरगा अगदी सभ्य. रुग्णालयाचं नाव सांगणार नाही, तिथले डॉक्टर देवमाणूस आहेत. मुलाने विचारलं, ‘सोबत कोण?’ मावशी म्हणाल्या, ‘मी.’

‘रुग्णाशी नातं?’

‘मैत्रीण.’

‘म्हणजे नात्यात कोण?’

‘नात्यात कोणी नाही. मैत्रीण.’

‘आजी, इथे मैत्रीण येत नाही.’

‘येत नाही म्हणजे? मी आलेय ना!’ (हशा)

त्याने बिचाऱ्याने संगणकाचा पडदा वळवून दाखवला. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, सून, जावई. जावई! आईचे जावई म्हणजे आमचे हेच. त्या सगळ्या काळात यांचा प्रत्येक दिवस पार्किंग शोधण्यात गेला. तेही काम आहे, पुण्यात तर मोठंच काम आहे, मी कमी लेखत नाही. पण यादीत जावई, आणि मैत्रीण नाही. मुलगा म्हणाला, ‘बहीण टाकतो ना आजी, काय फरक पडतो?’ मावशी म्हणाल्या, ‘मी खोटं लिहून देणार नाही. तिची बहीण नागपूरला असते आणि त्या दोघींचं पटत नाही.’

मागे रांग. कोणीतरी ओरडलं, ‘अहो, लिहा ना काहीतरी!’ तेव्हा आई उठली. ‘मी पेशंट आहे. मला विचारा. ही माझ्याबरोबर बसणार आहे.’ मुलगा म्हणाला, ‘आजी, तुमचं बरोबर आहे, पण सहीला नातेवाईक लागतो.’ शेवटी भावाला व्हिडिओ कॉल. तो मीटिंगमधून बाहेर आला, आधार कार्डाचा फोटो पाठवला, ‘हो हो, मी मुलगा’ म्हणाला, आणि सिस्टिमने त्याला स्वीकारलं. इथून साडेआठशे किलोमीटरवर फोनमध्ये दिसणारा माणूस ‘सोबत’, आणि जिच्या हातात फाइल, पाण्याची बाटली आणि उलटीची पिशवी होती ती कोणी नाही!

मी बँकेत होते म्हणून मला हे जास्त झोंबलं. बँकेच्या खात्याला तुम्ही मैत्रिणीला नॉमिनी करू शकता. ‘नातं’ विचारतो आम्ही, पण ‘मैत्रीण’ लिहिलं तर फॉर्म परत करत नाही. आता तर नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी चालतात. म्हणजे आयुष्यभराची पुंजी मैत्रिणीच्या हाती देता येते, पण तिला खुर्चीशेजारी बसू देताना कायदा आठवतो.

तर औषध सुरू व्हायला उशीर झाला. मग या दोघींनी काय केलं? मावशींनी पिशवीतून पत्ते काढले. ज्या बाजूची शस्त्रक्रिया तो हात सुईपासून जपायचा असतो, म्हणून सलाइन दुसऱ्या हाताला, आणि तो हलवायचा नाही. मग जपायच्या हाताने हळूहळू पानं टाकत भिकार-सावकार. डे-केअरमध्ये, सत्तरीच्या पुढच्या दोन बायका! शेजारच्या खुर्चीवरचे काका म्हणाले, ‘मलाही वाटा.’ सिस्टर रागावायला आल्या आणि उभ्या राहून बघत बसल्या, असं मावशी सांगतात. मावशींच्या सांगण्यात थोडं मीठमसाला धरून चालावं.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या गावात वक्त्याला चिठ्ठी पाठवणारे आहेत आणि ती खिशात घालणारेही. मी बँकेची, मी वेळ पाळते. पत्रिकेतला विषय आता भराभर उरकते.

पहिलं, कायद्याचं. सज्ञान माणूस शुद्धीवर असेल तर त्याच्या उपचारांना संमती त्याची स्वतःची लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात हे स्पष्ट केलंय. रुग्ण भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली गेली होती. न्यायालयाने ती संमती धरली नाही. जिवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे ‘नातेवाईक’ म्हणून आपण जो अधिकार समजून चालतो तो मुळात तेवढा नाहीच. आईने सही केली होती, तिची सही पुरेशी होती. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तर रुग्ण आपला प्रतिनिधी म्हणून कुणाही सज्ञान माणसाचं नाव देऊ शकतो, नात्याची अट नाही. मनाच्या आजारात मैत्रीण चालते, मग शरीराच्या आजारात का नको? यावर मी संबंधितांना पत्र लिहिलंय. पोच आली, उत्तर नाही.

दुसरं, मैत्रिणींनी काय करायचं. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. नेमकं त्याच वेळी आपल्याला वाटतं, आता जरा बरी दिसतेय, भेटून येऊ, नातवालाही नेऊ. नातू शिंकत असतो. त्या दिवसांत फोन करा. ताप १००.४ फॅरनहाइटला गेला तर घरात गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता का होईना, रुग्णालयाला कळवायचं. हे घरच्यांइतकंच मैत्रिणीलाही माहीत हवं, कारण आई आधी तिलाच सांगणार, ‘जरा कणकण आहे, मुलांना बोलू नकोस.’ तेव्हा मात्र बोलायचं. मैत्रीतलं गुपित तापाला लागू नाही.

तिसरं, डबा. फोडणीचा वास सोसत नाही, कोमट किंवा गार अन्नाला वास कमी. तोंडाला धातूची चव येते, स्टीलऐवजी लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा बघा. आणि कृपा करून पपईच्या पानांचा रस, गव्हांकुर आणि कुणाच्या साडूच्या व्याह्याला लागू पडलेली पुडी डॉक्टरांना न विचारता नेऊ नका. आमच्याकडे अशा बाटल्यांचं एक कपाट झालं होतं.

पाच मिनिटांची चिठ्ठी. दुखणं फार असेल, घर थकलं असेल, तर वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि त्रास हलका करणारं, केंद्र आहे, तिथे पैसे घेत नाहीत. तिथे फक्त शेवटच्या दिवसांत जायचं असतं हा समज काढून टाका. उपचार चालू असतानाही जाता येतं. यावर तासभर बोलायचं होतं, राहिलं.

पुरुषांच्या मैत्रीवर बोला अशी मघाशी एकांची सूचना होती. कट्ट्यावर चाळीस वर्षं रोज भेटून एकमेकांच्या बायकोचं नाव माहीत नसतं, त्यावर वेगळं व्याख्यान ठेवा.

एक प्रश्न नेहमी येतो, तो आधीच घेते: मैत्रीणही सत्तरीची, तिचे गुडघे, तिला झेपणार कसं? बरोबर आहे. नेआण, बिलं, फाइल, रात्रीचं जागरण हे सगळं आपण मुलांनीच करायचं. मावशींना आणायला-सोडायला रिक्षा ठरवली, ते पैसे भावाने दिले, आणि त्याच्या तक्त्यात शेवटी एक ओळ वाढली: ‘मावशी – गप्पा.’ त्याने ती हिरव्या रंगात रंगवली, का ते मी विचारलं नाही. आई आता दर काही महिन्यांनी तपासणीला जाते. सोबत मावशीच असतात, आणि मावशींना मोतीबिंदूला न्यायचं होतं तेव्हा आई गेली. त्या काउंटरवर काय लिहिलं, दोघीही सांगत नाहीत.

मी एक साधा कागद तयार केलाय, फाइलच्या पहिल्या पानावर लावायला. त्यावर रुग्णाने स्वतः लिहायचं: माझ्या प्रकृतीची माहिती कुणाला द्यायची, माझ्याजवळ कुणी बसायचं. तीन नावं, त्यातलं किमान एक नात्याबाहेरचं, आणि खाली रुग्णाची सही. कायद्याचा दस्तऐवज नाही तो, पण डॉक्टरांच्या हातात दिला की बोलणं सुरू होतं. प्रती बाहेरच्या टेबलावर आहेत. झेरॉक्सचे दोन रुपये कार्यवाहांकडे द्यायचे, सुटे असतील तर बरं.